जानेवारीतली आगोट

मी वेंगुर्ल्याकडची, किनाऱ्यावरची, नवरा नाशिकचा. लग्नाआधी त्याला मासा एकच माहीत होता, तळलेला. कुठला, ते विचारायचं नाही. या माणसाबरोबर मी सौदीला आले ती 'दोन वर्षं, मग खलास' या बोलीवर. त्याची नोकरी पेट्रोकेमिकल कारखान्यात, घर दम्मामला. पहिले काही महिने मी घरात नुसती फणफणत होते. मग एका शुक्रवारी सकाळी तो मला कतीफच्या मासळीबाजारात घेऊन गेला आणि तिथे मला सुरमई दिसली. इथे तिला कनद म्हणतात. म्हणोत बापडे! कल्ले लालभडक, अंग ताठ. मी अबाया सावरला आणि विक्रेत्याशी मालवणीत घासाघीस सुरू केली. तो अरबीत, मी मालवणीत, सौदा झकास झाला. त्यानंतर दोन वर्षांचा विषय घरात निघाला नाही. हसू नका, पण या देशातलं माझं राहणं माशानेच ठरवलं.

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट करतात. होड्या बंद व्हायच्या आत सुकी मासळी भरून ठेवायची. इथे पाऊस नाही, तरी मे महिना आला की माझे हात शिवशिवायला लागायचे. नवरा म्हणायचा, "अगं, कुठला पावसाळा?" पण इथेही फेब्रुवारीपासून काही महिने कोळंबी पकडायला बंदी असते, हे बाजारात कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला! म्हणजे आगोट हवीच, फक्त ती जानेवारीत. मी इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत, जुन्या चादरीवर सोललेली कोळंबी वाळत घातली. सोडे छान होत आले आणि दुपारी धुळीचं वादळ आलं. मी धुतले, पाखडले, पुन्हा धुतले. वाळू काही जाईना. तरी हट्टाने मी त्या सोड्यांचा भात केला. नवऱ्याने करकर चावत दोनदा मागून घेतला. सोडे असेच लागतात असं त्याला वाटलं होतं! त्या दिवशी मला त्याचा इतका लळा लागला! लग्न आधीच झालं होतं, म्हणून बरं.

अशा किती आगोटी झाल्या. लेक इथेच जन्मली, वाढली. आम्ही मराठीत बोलावं, तिने हिंदीत नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संसार. ती दहावीला आली आणि आम्ही ठरवलं की परीक्षा झाली की मी तिला घेऊन पुण्याला जायचं, चांगल्या क्लाससाठी. नवऱ्याने इथे कंपनीच्या बॅचलर क्वार्टरमध्ये राहायचं. गल्फमधली निम्मी घरं अशीच चालतात, त्यात नवल काहीच नाही. माझी आई वेंगुर्ल्याला एकटी, तीही पुण्याला आमच्याजवळ राहायला येणार होती. सगळं कसं जुळून आलं होतं. म्हणून गेल्या जानेवारीत मी दुप्पट सोडे वाळवले. माणूस एकटा राहणार, निदान त्याचं पोट तरी आपल्या हातचं राहू दे.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी ते सोडे डब्यांत भरत होते. नवरा जेवत होता, लेक शाळेच्या प्रोजेक्टचं वाचून दाखवत होती. युरोपातले कोळी कॅनडाकडच्या थंड किनाऱ्यावर कॉड मासा पकडायला कसे जायचे, त्याची हकिगत. उन्हाळ्यात जहाजं यायची, मासा खारवून किनाऱ्यावर मांडवांवर वाळवायचा आणि थंडीच्या आत परत फिरायचं.

"म्हणजे आगोटच की!" मी म्हटलं. "मग ते तिथे राहिले कधी?"

हिवाळ्यात होड्या आणि मांडव राखायला काही पुरुषांना मागे ठेवायचे, ती म्हणाली.

"एकटेच? त्या थंडीत?"

"हाँ मम्मा. बाद में औरतें आईं, घर बने. तब जाके बस्ती हुई." आधी तिथे राहणारे लोक त्या किनाऱ्यापासून मागे ढकलले गेले, हेही तिने वाचलं. मला वाटलं, आपण बरे. आपल्या राहण्याला इकाम्याची, म्हणजे परवान्याची, तारीख असते, कुणाची जागा आपण बळकावत नाही.

नवऱ्याचा घास हातातच राहिला होता. "म्हणजे आता मी होड्या राखणार," तो म्हणाला आणि हसायला गेला. त्याला ते जमलं नाही. त्याने मी भरलेला डबा माझ्याकडे सरकवला. "मला हे नको. तुम्ही दोघी जाऊ नका ना."

इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला गहिवरून आलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी भडकले. "अरे, मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून का बसला होतास?"

"तुला आईजवळ जायचं होतं," तो म्हणाला. "मी कसं अडवू?"

"और मुझसे किसी ने पूछा?" लेक म्हणाली. तिच्या शाळेत बारावीपर्यंत वर्ग होते, मैत्रिणी होत्या, आणि क्लास काय, ऑनलाइनही असतात. आम्ही दोघं थोर माणसं, तिला सोडून सगळ्यांशी बोललो होतो.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी आम्ही ठरवलं, जायचं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भांड्यांचा आवाज करत मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होते. मग आठवलं, आईला सांगायचं आहे.

फोन लावला. आधी हवापाणी झालं, गुडघे झाले, मग मी एका दमात सांगून टाकलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरां केलंस," ती म्हणाली. "घोवाक एकटो सोडू नको. रव थंयच."

"आणि तू गो?"

"माका काय? मी आसंय हंय." मग ती म्हणाली, "पुण्याक येवचा म्हणान मी मांजर शेजारणीक देवन टाकलंय. तां आता परत आणूक व्हया."