मोडतोडीची कार्डं

माझ्या मित्राचं गणित बरोबर होतं आणि मी ते चुकीचं ठरू दिलं. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आम्ही दोघं चिखलीच्या कॉलेजात शिकवत होतो आणि मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे मिळून संशोधन करत होतो. ताऱ्याभोवतीच्या धुळीचे धोंडे आणि धोंड्यांचे ग्रह कसे होतात, हे संगणकावर मांडून पाहायचं. दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह तोवर कुणी पाहिले नव्हते. धोंडे हळू आदळले तर चिकटतात, तो भाग माझा. जोरात आदळले तर फुटतात, तो त्याचा. माझा भाग एकटा चालवला की सगळंच चिकटायचं. तो हसायचा, "तुह्ये धोंडे डिंकाचे लाडू हायेत काय बे?"

प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. सुट्टी लागली की कार्डांची पेटी घेऊन आळीपाळीनं मुंबईला जायचं. त्या दिवाळीत माझी पाळी होती. धोंडे फुटले की त्यांची संख्या वाढायची, हिशेब लांबायचा, आणि आम्हाला दिलेला वेळ संपला की यंत्र काम अर्ध्यावर तोडायचं. पुन्हा पुन्हा तेच झालं. रिकाम्या हातानं परतणं जिवावर आलं. मी गठ्ठ्यातून त्याची कार्डं काढली. छापून आलेल्या कागदांवर ग्रह तयार झाले होते.

फुटण्याचा भाग कुठे आहे, असं प्राध्यापकांनी विचारलं.

"सर, त्याचा भाग चालत नाही," मी म्हणालो.

त्यांनी त्याला कामातून काढलं. यंत्राला वेळ पुरला नाही, एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. त्यालाही तेच खोटं ऐकवलं. पुढचा सगळा उन्हाळा तो आपल्या कागदांत नसलेली चूक शोधत बसला. मीही शेजारी बसून शोधल्यासारखं करायचो. पुढे मला पीएच.डी. मिळाली आणि तो कॉलेज सोडून साखरखेर्ड्याला शाळेत लागला.

गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो. चहा देताना तो सहज म्हणाला, "पोरायले सांगत असतो, चूक शोधली की सापडते. मले मातर मही कधी सापडली नाही."

कप खाली ठेवून मी म्हणालो, "तुही चूक नव्हतीच. तुह्ये कार्डं म्याच काढले होते. सरायपाशी खोटं बोललो, तुह्यापाशीही बोललो. मले माफ कर."