एकोणिसावी चकती

नवी चप्पल घेतली की महिन्याभराने ती उलटी करून टाच कुठून झिजली ते बघायचं. बिजागरी कुरकुरली की भरल्या ताटावरून उठायचं. कप नेहमी तळहातावर धरायचा, कानाला धरून नाही. आणि ताटली असो की डब्याचं झाकण, गोल वस्तू हातात आली की काठावरून अंगठा पुरता फिरवल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही.

अशा सवयींच्या या माणसाला बोगदा खोदणाऱ्या मशीनवर सगळे चकतीमामा म्हणत. मशीनच्या तोंडाला पोलादी चकत्या असतात. त्या खडकावर फिरतात, खडक फुटतो, आणि त्याही झिजतात. कुठली चालेल, कुठली बदलायची, हे मामा तीस वर्षं सांगत आले. त्यांची लेक त्याच कामावर रुजू झाली. त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

पुढच्या टप्प्यात वर घरं होती, म्हणून चकत्या तपासायला मशीन आधीच थांबवलं. लेकीने चकत्या मोजल्या. एकोणिसावीची झीज बारा मिलिमीटर, म्हणजे अजून चालण्यासारखी. साहेबांनी मशीन सुरू करायला सांगितलं. मामा म्हणाले, मी एकदा आत जाऊन येतो.

साहेब हसले. "काय मामा, घरच्याच आकड्यावर भरवसा नाही?"

लेक मामांच्या मागोमाग आत शिरली. मामांनी पहारीने एकोणिसावी अर्धी फिरवली आणि लेकीचा अंगठा धरून काठावर ठेवला. गोल जाता जाता काठ एकदम सपाट झाला. मधे कधीतरी चकती अडकली होती, एका अंगाने खरवडली होती, मग पुन्हा फिरू लागली होती. पुन्हा अडकली असती तर तिचा भार शेजारणींवर आला असता, आणि ऐन घरांखाली एकेकीने मान टाकली असती.

"आकडा बरोबर आहे तुझा," मामा म्हणाले. "पण एकाच जागी मोजलास, बाळा."

बाहेर येऊन त्यांनी साहेबांना सांगितलं, एकोणिसावी बदला, आणि नोंदीवर सही हिचीच घ्या. तेव्हापासून ती प्रत्येक चकती फिरवूनच मोजू लागली. घरांखालून मशीन गेलं, वर कुणाच्या भांड्यातलं पाणी हललं नाही. जेवणाच्या सुट्टीत मामांनी हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "आमच्या बाईंनी काढलं मशीन पार" म्हणाले.

बोगदा आरपार व्हायला आठ दिवस होते. सकाळी बूट बांधता बांधता मामा गेले.

त्यांच्या कपाटात झीज मोजायचं पत्र्याचं गेज निघालं. लेक डावखुरी. नेहमीच्या गेजने तिचं मनगट वाकडं व्हायचं, म्हणून ते कानशीने उलटं गेज घडवत होते. पाच खाचा हव्या होत्या. तीन झाल्या होत्या. चौथीच्या जागी नुसती पेन्सिलची रेघ.