चढावर दम तोडणारा डोझर

आमचा डोझर एकदम बंद पडायचा नाही. आधी त्याचा आवाज पातळ व्हायचा. मुरमाचा ढीग ढकलत चढाला लागला की धुराड्यातला काळा धूर विरळ होत जायचा, इंजिन उचकी लागल्यासारखे हिसके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मग त्या उघड्या प्लॉटवर मी एकटा, सीटवर बसलेला, हात अजून लिव्हरवर.

खरं नवल पुढेच होतं. खाली उतरून एक बिडी ओढून होईस्तोवर त्याला तसाच सोडला, हातपंप मारला, की तो पुन्हा सुरू व्हायचा. काही झालंच नाही असा. घटकाभर बैलासारखा चालायचा आणि मग परत चढावर जीव सोडायचा. मशीन कायमची बंद पडली तर माणूस निदान रडून मोकळा होतो. ही धड मरतही नव्हती. तिच्यावर बसलं की माझं सगळं ध्यान कानात. समोर पातं कुठं चाललंय ते बघायचं सोडून मी आवाज पातळ होतोय का तेच ऐकत राहायचो.

हे भिवंडीजवळच्या काल्हेरचं. दोन हजार पाच-सहाच्या आसपास खाडीकडच्या भातखाचरांवर भराव पडत होता आणि भरावावर गोडाऊनं उठत होती. आमचे शेठ तिथलेच, मूळचे शेतकरी. डोझर फिरत होता त्या जमिनीत त्यांच्याच घरचं भात पिकलेलं. पहिला मुरूम पडला तेव्हा ते बांधावर पाठ फिरवून मोबाईलवर बोलत उभे राहिले होते, एवढं मला आठवतं. त्यांनी हा जुना डोझर आमच्या हिंगोलीकडच्या एका तलावाच्या कामावरून विकत घेतला आणि डोझरबरोबर मीही आलो. त्याच्या खोडी मलाच ठाऊक होत्या. सातवीनंतर शाळा सुटलेली. तलावावर आधी पाणी भरणं, मग ग्रीस मारणं, मग सीट, असं करत शिकलो होतो. दुसरं काही येत नव्हतं. शेठनी प्लॉटच्या कडेला पत्र्याची खोली दिली, दोन वेळचं जेवण घरून दिलं. माझ्यासारख्याला याहून जास्त कोण देतं? म्हणून तर भीती. जे मिळालंय ते आपल्या हातून चाललंय, असं मला सारखं वाटायचं.

सुरुवातीला मी माझ्या परीनं जे येतं ते केलं. टाकीच्या तळाचा नट ढिला करून खालचं पाणी काढलं. फिल्टर दोन्ही बदलले. डिझेलच्या लाईनीत हवा शिरली की इंजिन असंच दम तोडतं, म्हणून प्रत्येक जॉइंट उघडला, तांब्याचे वॉशर नवे घातले, हातपंप मारून बुडबुडे संपून सलग धार लागेस्तोवर हवा काढली. डोझर सुरू झाला. मी मनात म्हटलं, झालं. दुपारच्या आत तो चढावर बसला.

शेठनी भिवंडीहून मिस्त्री आणला. पन्नाशीचा, हाताला अर्धं बोट कमी, जिभेला धार मात्र जास्तच. तो आला तेव्हा इंजिन गार होतं. एका दमात सुरू झालं आणि त्याच्यासमोर छान गुरगुरत राहिलं.

"अरे, ही तर मस्त चालू आहे," तो मला म्हणाला. "तुला घरची आठवण आली की बंद पडते का?"

शेठ हसले. मीही हसलो, पण ते बोलणं नेमकं लागलं.

"चढाला लावून बघा ना चाचा," मी म्हटलं. "कामून ते कळत नाही, पण चढालाच बसते."

"कामून!" तो शेठना म्हणाला. "ऐकलं? हा कामून-कामून करतो म्हणून मशीन घाबरते." आमच्याकडे 'का'ला कामून म्हणतात, त्याचीच त्याला गंमत. पण माणूस कामाचा. चहा घेत बसून राहिला, डोझर बंद पडेस्तोवर हलला नाही. पडल्यावर डिझेल पंपाला हात लावून बघितला, चटका बसला तसा मागे घेतला. "पंप गेला शेठ. गरम झाला की प्रेशर सोडतो. खोलून कंपनीत पाठवायला लागेल."

शेठनी डोझरभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "एवरा खर्च करून ही म्हातारी किती दिवस चालनार? त्यापेक्षा भाऱ्याची मशीन बरी." त्यांच्या बोलीत ड चा र होतो; गाडीची गारी, भाड्याचं भारं. एरवी मला ते ऐकायला गंमत वाटायची. "शुक्रवारी भंगारवाला बघून जाईल."

मिस्त्री गेल्यावर मला म्हणाले, "तू काय करशील रं?"

भाड्याच्या मशीनबरोबर तिचा ड्रायव्हर येतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी नाक्यावरच्या पीसीओवरून घरी फोन केला. घरी म्हणजे गावातल्या किराणा दुकानात. दुकानदार पोरगं पाठवून आईला बोलावून घ्यायचा, आणि ती धापा टाकत यायची तोवर मी रिसीव्हर धरून दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत बसायचो. कुणी साखर मागतंय, कुणी काडेपेटी. ओळखीचे आवाज असायचे, पण त्यांना माहीत नसायचं की मी ऐकतोय.

आईनं विचारलं, "मशीन बरी हाय का?" बैल बरा आहे का, अशा सुरात विचारायची.

"बरी हाय."

"मग येऊन जा की दोन दिस."

"मशीन सोडून कसं येऊ?" मी म्हटलं, आणि घाईघाईनं फोन ठेवला. भंगारवाल्याचं सांगितलं असतं तर ती लगेच 'ये निघून' म्हणाली असती. तेच नको होतं. आणि तेच ऐकावंसं वाटत होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या ओट्यावर जेवताना वहिनींना, म्हणजे शेठच्या बायकोला, माझ्या ताटात भाकरी तशीच दिसली. त्यांच्याकडची भाकरी तांदळाची, सोबत सुकटीची चटणी. पहिले महिने मला तो वासच सोसायचा नाही. मग वहिनींनी माझ्यापुरता ठेचा करायला सुरुवात केली होती. परक्या पोरासाठी कोण करतं?

"जेव रं बाबा. मशीन मेली तं मेली, तू कशाला मरतंस?"

"वहिनी, मला एक कॅन डिझेल द्यायला सांगाल का शेठला? भंगारवाला यायच्या आत एक गोष्ट बघायचीय."

"तूच सांग की. तोंड न्हाय का तुला?"

शेठ आतूनच ओरडले, "घे म्हनावं त्याला! भंगारात जानाऱ्या मशीनला डिझेल पाजतोय, पाजू दे!"

बघायचं होतं ते एवढंच. मिस्त्री म्हणत होता पंप. मी तलावावर असताना एका म्हाताऱ्या ऑपरेटरनं सांगितलं होतं, की पंपावर आळ घ्यायच्या आधी त्याला दुसऱ्या भांड्यातून पाजून बघायचं. मी मोठ्या टाकीची नळी काढून ठेवली. डिझेलचा कॅन छताच्या पाइपाला वर टांगला, त्यातून प्लास्टिकची स्वच्छ नळी थेट डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाला जोडली. हवा काढली. सुरू केला आणि सरळ चढाला घातला.

ढिगावर ढीग ढकलले. इंजिन तापलं, पंप तापला. नळीतून डिझेल चालताना दिसत होतं. मी वाट बघत होतो, आता पातळ होईल, आता होईल. कॅन तळाला आला तरी आवाज भरदार होता. मी डोझर थांबवला. पंप चांगला होता. पंपाला डिझेल पोचत नव्हतं. म्हणजे दुखणं टाकीत.

टाकी सीटच्या मागे. तिचं पितळी झाकण दिवाळीच्या सुमारास कुणीतरी काढून नेलेलं, आणि तेव्हापासून तोंडाला सुताचा बोळा कोंबलेला असायचा. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, कारण या मुलखात प्रत्येक भोकाचं झाकण सूतच. भिवंडीकडच्या यंत्रमागांवर, म्हणजे लूमवर, तुटलेल्या धाग्यांचा ढीग निघतो, त्याला वेस्ट म्हणतात. रॉकेलच्या कॅनला वेस्ट, गळक्या नळाला वेस्ट, मोरीच्या भोकाला वेस्ट, पत्र्याच्या फटीला वेस्ट. हात पुसायलाही तेच. आमच्याकडे असतं तर दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड कोंबलं असतं. इथं सूत. मीही डिझेल भरताना रोज तो बोळा काढायचो, पुन्हा दाबून बसवायचो, आणि त्याचा रंग, जाडी काहीएक बघायचो नाही.

त्या दिवशी बोळा काढून हातात धरला आणि बघत राहिलो. खालचं टोक कुरतडल्यासारखं, निम्मं गायब.

टाकी रिकामी केली. तोंडातली जाळी तर केव्हाच फाटलेली. जाड तारेचा आकडा करून आत फिरवला. काही लागलं, निसटलं, परत लागलं. बाहेर आलं ते मेलेल्या उंदरासारखं दिसणारं लोंबतं काळं सूत. मग आणखी. हिसके बसतील तसे धागे आत पडत गेले होते आणि डिझेलमध्ये भिजून त्यांचा एक गोळा झाला होता. मशीन ओढायला लागली की डिझेल खेचलं जायचं, त्याबरोबर गोळा सरकत तळाच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचा. इंजिन उपाशी मरायचं. ओढ थांबली की गोळा आपोआप सुटायचा. माझ्या बिडीएवढा वेळ त्यालाच लागत होता.

मी तो गोळा पत्र्यावर ठेवून नुसता बसलो. सांगायला जवळ कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, ते वास घेऊन शिंकलं आणि निघून गेलं.

टाकी धुऊन, तोंडावर दोन पदरी जाळी बांधून, वरून डब्याचं झाकण वाकवून बसवलं आणि उरलेला दिवस चढावर काढला. डोझर एकदाही बंद पडला नाही.

शुक्रवारी भंगारवाला आला तेव्हा शेठ, वहिनी, मिस्त्री, सगळे प्लॉटवर. डोझर डोळ्यांदेखत ढीग लोटत होता. भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला. "चालू माल दाखवायला बोलावलं काय मला?"

मी खाली उतरलो. शेठनी विचारलं, "काय होतं रं?"

"कचरा होता टाकीत," मी म्हटलं. दिवाळीत झाकण गेल्यावर पहिला बोळा घरातून कुणी आणून दिला होता, ते मला चांगलं आठवत होतं. त्यांच्या घरचं जेवून ते नाव कसं घेणार?

पण वहिनींनी पत्र्यावरचं सूत उचलून पिळलं. आतून मूळचा रंग निघाला. "या बया! हे तं माजंच. मीच नव्हतं का दिलं, टाकीत पानी जायचा न्हाय म्हनून?"

शेठ मोठ्यानं हसले. "म्हंजे माजी गारी माज्याच बायकोनं मारली! आनि मी बिचाऱ्या पंपाला शिव्या घालतंय!"

"आनि सूत कुनी आनलं लूमवरून? तूच ना?" वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीनं गोळा हातात घेऊन उलटसुलट केला. "मला हसू नका. माझ्या घरच्या टाकीलाही हेच कोंबलंय. आज जाऊन काढतो." मग माझ्या पाठीत एक थाप मारली. "कामून, चहा पाज."

तेवढा चहा मला आजवर पुरलाय. सगळे हसत होते, मीही मधोमध उभा होतो आणि पहिल्यांदाच माझे कान इंजिनाकडे नव्हते. मला वाटलं, राहिलो इथं.

चहा संपायच्या आत शेठचा फोन वाजला. बोलून झाल्यावर ते खुशीतच म्हणाले, "मशीन ठीक झाली तं आता पडघ्याचा काम घेतो. डोंगराखालची जागा हाय, मोठी. महिने जातील. इथलं आता भाऱ्याची मशीन उरकंल. तू जा हिच्यासंगं."

नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. नोकरी राहिली होती, मशीन राहिली होती. मी हात जोडले, आणि मनापासून जोडले.

ट्रेलरवर डोझर चढवताना वहिनींनी विचारलं, "तिकरं जेवाचं काय करशील?"

"हायवेला ढाबा आहे म्हणतात."

"ढाब्यावर रोज?"

पडघ्याला जागा खरंच मोठी होती. खाली लांबवर नाशिक हायवे, ट्रक मुंग्यांसारखे. वर मी. लूमची खटखट तिथवर येत नव्हती. ती आली असती तर बरं वाटलं असतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. डोझर सकाळी सुरू व्हायचा तो मी बंद करेपर्यंत चालायचा. काल्हेरला तो बंद पडत होता तोवर मिस्त्री यायचा, शेठ यायचे, कुणी ना कुणी शिव्या द्यायला का होईना यायचं. चालणाऱ्या मशीनकडे कोण येतं?

पहिल्यांदा शेठ आले ते बऱ्याच दिवसांनी. त्यांची गाडी लांबून धुरळा उडवत येताना दिसली तसा मी इंजिन हळू केलं, खाली उतरलो, हात पुसले, दोन पावलं पुढंही गेलो. त्यांनी काच खाली केली.

"चालू हाय ना?"

"चालू आहे शेठ. एकदाही नाही पडली."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि गाडीतून न उतरताच परत वळले.