भाऊंचा अर्धा तास

माझ्या अक्काचे धाकटे दीर उभ्या आयुष्यात कुठेही वेळेवर पोहोचले नाहीत, आणि तरीही सगळ्या जगाचं घड्याळ दुरुस्त करायला निघालेला माणूस खानदेशात त्यांच्याशिवाय दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांचा उशीर साधासुधा नसायचा. तो बेताचा, घरंदाज, अर्ध्या तासाचा उशीर असायचा. अक्का त्यांना जेवायला बोलवायची तेव्हा वरणाला फोडणीसुद्धा त्या हिशोबाने द्यायची. स्वतःच्या लग्नात मुहूर्ताच्या वेळी ते बोहल्यावर नव्हते. शोधाशोध झाली तेव्हा नवरदेव मुंडावळ्या कानामागे सारून लाऊडस्पीकरवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डोकं घालून बसलेले सापडले. "आवाज फाटतोय याचा," ते म्हणाले, "मंगलाष्टकं काय अशी ऐकायची लोकांनी?" भटजींनी मनातल्या मनात मुहूर्त थोडा पुढे सरकवला आणि लग्न लागलं. मंगलाष्टकं मात्र पार वेशीपर्यंत स्वच्छ ऐकू गेली.

या उशिराचं कारण आळस मुळीच नव्हतं. भाऊंना रस्त्यात कोणीही थांबवू शकायचं, एवढंच. "भाऊ, जरा बघा ना" हे शब्द कानावर पडले की त्यांची सायकल आपोआप उभी राहायची. मग तो टायपिंगवाला असो, रेडिओवाला असो, की नव्यानेच कॉम्प्युटर घेऊन पस्तावलेला अडत्या असो. नव्वदच्या दशकात त्यांनी जळगावात कॉम्प्युटरचा क्लास काढला, तोही पिठाच्या गिरणीच्या माडीवर, कारण गिरणीवाल्याचा पंखा त्यांनी एकदा दुरुस्त केला होता. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला की वर पडद्यावरची अक्षरं आक्रसायची. भाऊ शिकवणं थांबवून जिन्यातून ओरडायचे, "ज्वारी शे का गहू?" ज्वारी म्हटली की मुलांना चहा प्यायला सोडायचे, गहू म्हटला की सरळ घरी पाठवायचे. कीबोर्डवर पीठ बसू नये म्हणून त्यावर जुन्या साड्यांचे तुकडे टाकलेले असत, आणि तरी त्या क्लासमधून शिकून बाहेर पडलेली मुलं अंगावरच्या पांढऱ्या रंगावरून ओळखू यायची.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अक्काकडे राहून, त्या माडीच्या कोपऱ्यात बसून मी बी.ए. झालो आणि धुळ्याला एका कॉलेजच्या कार्यालयात चिकटलो. कॉम्प्युटरला हात लावण्याची माझी भीती भाऊंनी घालवली, आणि त्याबद्दल कधी चहासुद्धा घेतला नाही माझ्या पैशाचा. ते मला नावाने हाक मारत नसत. "काय पदवीधर?" म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

प्रोग्राम लिहून विकायचा असतो हे भाऊंना कधी पटलंच नाही. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम कोणीही फ्लॉपीवर घालून न्यावा, हवा तसा बदलावा. अट एकच, सुधारणा केली तर परत आणून दाखवायची. अक्का एकदा म्हणाली, "भाऊजी, चार पैसे तरी घेत जा." तर म्हणाले, "वहिनी, शेजारीण विरजण मागायला आली तर तुम्ही पैसे घेता का? आणि तिचं दही आपल्यापेक्षा चांगलं लागलं, तर पुढच्या खेपेला विरजण आपणच तिच्याकडून आणतो की नाही?" अक्काने त्या दिवसापासून शेजारणीच्या दह्याची चव बघायला सुरुवात केली.

त्यामुळे दशकाच्या अखेरीस जळगावात इंटरनेट आलं आणि परदेशातही विरजण वाटणारे लोक आहेत असं भाऊंना कळलं, तेव्हा त्यांना हरवलेले भाऊबंद सापडल्यासारखं झालं. त्या मंडळींनी वेबसाइट चालवण्याचा एक प्रोग्राम लिहिला होता. साइटवर मजकूर चढवणं, बदलणं, काढणं ही सगळी कामं तो करायचा. तो फुकट होता आणि आतून सगळा उघडा होता. कोणीही वाचावा, सुधारावा, आपल्या पदरचा एखादा तुकडा त्याला जोडावा. या तुकड्याला मॉड्यूल म्हणत. चांगलं मॉड्यूल असेल तर ते मुख्य प्रोग्रामच्या गठ्ठ्यात घालून जगभर पाठवत. त्या गठ्ठ्याची देखरेख करणारा एक परदेशी गृहस्थ होता. त्याचं नाव भाऊंच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला "पाव्हणा" म्हणत.

भाऊंनी जोडलेल्या तुकड्याचं नाव होतं फळा. भडगावकडच्या त्यांच्या गावात चौकात एक काळा फळा होता. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची किती वाजता, कापसाचा भाव काय, कोणाकडे दशक्रिया, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असायचं, आणि वेळ टळली की पुसलं जायचं. भाऊंचं मॉड्यूल साइटवर हेच करायचं. सूचना ठरल्या वेळी लागायची, ठरल्या वेळी आपोआप पुसली जायची. ज्या गावावरून हे सुचलं, तिथे तो फळा बघायला एकाकडेही कॉम्प्युटर नव्हता. पण परदेशात कुठल्याशा बागकाम मंडळाने तो लावला, कुठल्या चर्चच्या गायकांनी तालमीच्या वेळांसाठी लावला, आणि भाऊ माडीवर बसून त्यांच्या तक्रारी निस्तरू लागले. कोडच्या मधेमधे आपल्यासाठी टिपणं लिहायची असतात. ती भाऊंनी इंग्रजी अक्षरांत पण अहिराणी भाषेत लिहिली होती. एके ठिकाणी होतं, "या ओळीले हात लावू नको रे भो." एका परदेशी मुलाने हात लावला आणि त्याचा अख्खा फळा कोरा झाला. त्याने अर्थ विचारला, आम्ही कळवला. त्यानंतर तो प्रत्येक ईमेलच्या शेवटी "रे भो" लिहू लागला.

हा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. इंग्रजी वाचायला भाऊंना अडचण नव्हती, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा, आणि पदवीधराला इंग्रजी येणारच असा त्यांचा समज होता. ते धुळ्याला फोन करून मजकूर सांगायचे, मी तो भाषांतर करून स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून पाठवायचो. एरवी शुद्ध बोलणारे भाऊ रागावले किंवा फार खुश झाले की थेट गावच्या बोलीत शिरायचे. "त्याले सांग, तुन्हा डोकामा काय भुसा भरेल शे का?" असं ते सांगायचे आणि मी लिहायचो, 'आपण या मुद्द्याचा कृपया पुनर्विचार करावा अशी आमची नम्र विनंती आहे.' नंतर प्रत वाचून ते म्हणायचे, "इतलं लांब? मी तं इतलंसंच बोलनू!"

हा भुसा भरलेला मुद्दा म्हणजे अर्धा तास. झालं असं, की भाऊंचा फळा जळगावात प्रत्येक सूचना अर्धा तास उशिरा लावू लागला. अक्का म्हणाली, "मालकावरच गेलाय." भाऊंनी खोदून पाहिलं, तर दोष मूळ प्रोग्रामचा निघाला. तो करणाऱ्यांच्या मते जगातला प्रत्येक देश लंडनच्या घड्याळापासून पूर्ण तासांनीच पुढेमागे असतो. आपण तर साडेपाच तास पुढे. त्यांच्या यादीत पाच होते, सहा होते, साडेपाच नव्हतेच. भाऊंनी पाच निवडले होते, त्यामुळे त्या प्रोग्रामच्या लेखी सारा हिंदुस्थान अर्धा तास मागे चालत होता. भाऊंनी कळवलं. पाव्हण्याने उत्तर दिलं, की पाच घ्या नाहीतर सहा घ्या, अर्ध्या तासाने कोणाचं काय बिघडतं?

हे वाचून जो माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा आला, तो अक्षरशः पेटला. "अर्ध्या तासाने काय बिघडतं? पदवीधर, लिहा! आमच्या गावात पाटाच्या पाण्याची पाळी लागते. अर्धा तास आधी पाणी तोडलं तर केळीच्या ओळी कोरड्या राहतात. आमचे आबा आणि शेजारचे नाना अर्ध्या तासाच्या पाण्यावरून बोलायचे बंद झाले ते अजून बोलत नाहीत. लिहा, की तुमच्या यादीत आमचा देशच नाही!" मी सगळं लिहिलं. या खेपेला नम्र विनंती घातली नाही.

पाव्हणा माणूस चांगला होता. त्याने लिहिलं, की ठीक आहे, दुरुस्ती तुम्हीच करून पाठवा. पण नवी आवृत्ती निघते आहे. आमच्या साइटवर प्रत्येकाला त्याच्या त्याच्या स्थानिक वेळेत मुदत दिसेल, त्याआधी सुधारलेलं मॉड्यूल पोहोचलं तर गठ्ठ्यात राहील, नाहीतर फळा आणि ही दुरुस्ती दोन्ही वगळावी लागतील. भाऊंना दिसणारी मुदत होती शुक्रवारी सकाळी अकराची. मुदत हा शब्द ऐकूनच मला धडकी भरली.

काम गुरुवारी पुरं झालं. आणि गुरुवारीच रस्ता खोदणाऱ्यांनी जळगावच्या त्या भागातली टेलिफोनची केबल तोडली. भाऊंनी फ्लॉपी लोणच्याच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा फडक्यात बांधला आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीत बसले. आदल्या दिवशी दुसऱ्याच्या फोनवरून मला बजावलं होतं, "कॅफेत मशीन धरून ठेव. दहाला पोहोचतो." मी मशीन धरून बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. कॅफेवाला म्हणाला, "साहेब, नुसतं बसायचेही पैसे लागतात." अकरा वाजले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालू केली, त्याचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत बुडालं होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी भाऊ धापा टाकत आले, डबा छातीशी धरून.

"भाऊ, आज तरी!"

"अरे, पारोळ्याला बस चहाला थांबली. स्टँडवरच्या एसटीडीवाल्याचं बिलाचं मशीन बंद पडलेलं. बिचारा रडाले उना व्हता. दोन मिनिटांचं काम होतं."

"आणि बस?"

"ती गेली. दुसरी धरली."

त्यांनी गुपचूप फ्लॉपी घातली आणि फळा पाठवून दिला. मग म्हणाले, "लिही, की बस चुकली. उशीर झाला, माफ करा. वगळायचं असेल तर वगळा, पण तो अर्धा तास तेवढा ठेवा." मी लिहिलं. ते बाकावर बसून रिकाम्या डब्याचं झाकण लावत होते, काढत होते. पाव्हणा तिकडे जागाच असावा, कारण उत्तर लगेच आलं. मी मोठ्याने वाचलं: मिळालं, धन्यवाद. पण माफी कशाबद्दल? मुदतीला अजून थोडी मिनिटं बाकी आहेत.

आधी ट्यूब पेटली ती भाऊंची. खरी मुदत आपल्या साडेअकराची होती. त्यांची साइटही त्याच प्रोग्रामवर चालायची, आणि तिथेही भाऊंनी पाचच निवडले होते, म्हणून ती अर्धा तास अलीकडची दिसली होती! ज्या चुकीसाठी महिनोन्‌महिने भांडलो, ती मुदतीच्या वेळेतही असणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाऊंनी कपाळावर हात मारला आणि असे हसले की कॅफेतली सगळी माणसं वळून बघू लागली. "पदवीधर," डोळे पुसत ते म्हणाले, "मी जलममा पयलांदाव येळवर पोचनू! आनि ते बी त्यास्नी चुकीमुळे!"

नव्या आवृत्तीत साडेपाच आले, फळाही राहिला. काही दिवसांनी नेपाळहून एका मुलाचं पत्र आलं, की फार उपकार झाले, पण आमच्याकडे पावणेसहा तास असतात, त्याचं काही करता येईल का? भाऊंनी बाह्या सावरल्या. "चला, आते पाऊन तास!" त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो मी कुठल्या पगारवाढीतही पाहिला नाही.

पुढे नवे प्रोग्राम आले, तो गठ्ठा मागे पडला, त्याबरोबर फळाही पुसला गेला. गिरणी बंद झाली, माडीवर मोबाइलचं दुकान आलं. भाऊ गावी केळी बघतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, धुळ्याला येतोय, अकराला पोहोचतो. बायकोने सवयीने साडेअकराच्या बेताने पोहे भिजवायचे ठरवले. आणि अकराला दार वाजलं. मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बरोबर होतं.

"भाऊ, पारोळ्याला बस थांबली नाही का?"

"थांबली ना. उतरलो, चहा पण घेतला." ते खुर्चीत टेकले. "कोणी काही विचारलंच नाही रे, जो तो आपल्या मोबाइलमध्ये. बठ्ठास्ना हातमा फोन शेतस. आते माले कोन थांबाडस?"

हे ते हसतच म्हणाले. पण मला त्या वेळेवर आलेल्या माणसाकडे बघवेना. मी आतून माझा लॅपटॉप घेऊन आलो आणि म्हटलं, "भाऊ, जरा बघा ना, हे सारखं अडकतंय."

त्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि ते त्यांना पहिल्या मिनिटातच कळलं असणार. तरी त्यांनी खिशातून चष्मा काढला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक खिडकी उघडून बघू लागले. मधेच मान हलवायचे, मधेच "अस्सं" म्हणायचे. आतून फोडणीचा वास आला तसं त्यांनी झाकण मिटलं, घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले,

"दखा, झाया ना उशीर!"