चार मार्चची अकरा वासरं

लाडक्या नातवंडांनो,

तुमच्या वाढदिवसाच्या कार्डांवर मी महिना नेहमी अक्षरांत लिहिते, म्हणून तुम्ही माझी थट्टा करता. ‘आजी, जस्ट यूज नंबर्स!’ त्यामागचं कारण मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. तुम्ही अमेरिकेत एडिसनला, मी पुण्यात; हे पत्र तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवील. तिलाही ते तेव्हाच कळेल.

ऐंशीच्या दशकात आम्ही नेब्रास्कात होतो. आजोबा विद्यापीठात शिकत होते. मी बी.एस्सी., पहिला वर्ग — पण माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. म्हणून विद्यापीठाच्या फार्मवर वासरांच्या जन्माच्या नोंदी ठेवायला मी बिनपगारी जात असे. मांसासाठी पाळलेल्या गाई होत्या त्या. सासूबाईंना पत्रात मी ‘डेअरी’ असं लिहायचे. पण ते खोटं लहान. मला सांगायचंय ते हे नव्हे.

नागपूरची सुधा तिथे पीएच.डी. करत होती. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, स्कॉलरशिप मिळवून एकटी आलेली. तिचं म्हणणं असं, की गाभण गाईला शेवटचे तीन महिने नीट खायला मिळालं, तर ते वासराला जन्मानंतरही पुरतं. अर्ध्या गाईंना हिवाळ्यात वाळल्या गवताबरोबर पेंड, बाकीच्यांना नुसतं गवत — असा तिचा प्रयोग. शेणाने भरलेल्या बुटांनीच ती प्रोफेसरांशी वाद घालायची, आणि ते तिचं ऐकून घ्यायचे. घरी आजोबा माझ्या हातची आमटी भुरकत म्हणायचे, “काय डोकं आहे गं त्या पोरीला!”

माझ्याबद्दल असं कुणी कधी म्हटलं होतं का? मी काय कमी शिकले होते?

चार मार्चला बर्फाचं वादळ झालं. कामगार पोचले नाहीत, सुधाही नाही. जवळ राहणारी मी पोचले. त्या एका दिवसात नुसतं गवत खाणाऱ्या गाईंना अकरा वासरं झाली. मी सुरेख अक्षरात तारीख घातली — ४/३. शाळेत शिकवलं होतं तशी, आधी दिवस, मग महिना.

त्यानंतर मी गेले ती तेरा तारखेला. १३/३ लिहिलं, तर तिथला म्हातारा कामगार वहीत डोकावून हसला. “मॅडम, तुमच्याकडे वर्षाला महिने किती?” अमेरिकेत महिना आधी लिहितात! मी ते खोडून ३/१३ केलं. आणि चार मार्च? आठवलं — लगेच आठवलं. पण त्याच्यासमोर पुन्हा खोडायची लाज वाटली. टापटीप म्हणून माझं नाव होतं ना. उद्या करू, म्हटलं.

ऑक्टोबरात वासरं आईपासून तोडली, त्यांची वजनं झाली. जन्मतारखेवरून वय काढायचं आणि वासरू रोज किती वाढलं ते बघायचं. माझी अकरा वासरं कागदावर तीन एप्रिलची झाली होती, महिन्याने लहान; म्हणजे वजन तेच, पण दिवस कमी. त्यामुळे अर्धपोटी गाईंची वासरंच जास्त जोमाने वाढलेली दिसली. सुधाचा प्रयोग फसला.

मला तेव्हा सातवा महिना होता — तुमच्या आईच्या वेळचा. सुधाच्या आईने नागपूरहून पाठवलेली भाजणी ती जपून वापरायची, पण दर रविवारी माझ्यासाठी थालीपीठ आणायची. दारातूनच ओरडायची, “वहिनी, आज पेंड खाल्लीत का?” त्या रविवारीही आली. डबा ठेवला, ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

“वहिनी, नोंदीत कुठे चूक नसेल ना? मी डोळ्यांनी बघितलीत ती वासरं. हाडं दिसतात त्यांची!”

“माझ्या नोंदीत?” मी म्हणाले. “छे गं.”

“नाही, तुमच्या नाही हो,” ती घाईघाईने म्हणाली. “तुमच्यावर कशी शंका घेईन?”

एक शब्द पुरला असता. वही फार्मवरच्या कपाटात होती, पान मला पाठ होतं. भीती नव्हती वाटत. मार्चमध्ये लाज होती, ती एव्हाना सरली होती. मग काय होतं? मला — लिहिताना हात अडतो — बरं वाटत होतं. त्या दिवशी जेवताना आजोबांनी तिचं नाव काढलं नाही, तेव्हा तर फारच.

प्रोफेसरांनी तो विषय बंद केला. पुढच्या उन्हाळ्यात सुधा पदवी न घेता परत गेली. जाताना उरलेली भाजणी मला देऊन गेली. तिचं बरोबर होतं, हे त्या फार्मवर फक्त मला माहीत होतं.

त्याआधीच, हिवाळ्यात, तुमची आई साडेसात पौंडांची झाली, गुटगुटीत. डॉक्टर म्हणाले, आईने शेवटचे महिने चांगलं खाल्लेलं दिसतंय.

खाल्लं होतं. त्या रविवारी सुधाने आणलेली दोन्ही थालीपिठं मी तिच्यासमोर बसून संपवली.