‘ने’ म्हणजे काय?

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तसले कागद युरोपातल्या सहा भाषांतून उतरवून देण्याचं काम भाषांतरकाराने तेहतीस वर्षं केलं. ऑफिसात त्याला मान होता. घरी त्याची करमणूक म्हणजे बायको.

पाहुणे आले, चहा झाला, की तो तिला हाक मारायचा.

"सांग पाहू, ‘ने’ म्हणजे काय?"

"घेऊन जा."

"ते आपलं झालं. ग्रीक माणूस म्हणाला तर?"

"नाही?"

"चूक! ‘हो’! आणि झेक माणूस म्हणाला तर?"

"हो?"

"नाही! हिच्या डोक्यात बटाटे भरलेत, बटाटे."

पाहुणे खो खो हसायचे. ती कपबशा गोळा करून आत जायची. उत्तरं तिला पहिल्याच वर्षी पाठ झाली होती. पण बरोबर सांगितलं की तो आणखी अवघड शब्द काढायचा. चुकलं की लवकर सुटका.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सहा भाषांतून एकच शब्द उरला, ने. वाचा-उपचार करणारी बाई म्हणाली, "त्यांना काय म्हणायचंय ते घरच्यांनाच ओळखता येईल."

बायकोने आठवड्याभरात ओळखलं. काही नको असलं की तो डावा हात पलंगावर आपटून ‘ने’ म्हणायचा. हवं असलं की गप्प.

मुलगा सुट्टी काढून आला. पलंगाशी वाकून म्हणाला, "बाबा, आई म्हणतेय तुमचे शब्दकोश रद्दीत देऊन ही खोली भाड्याने देऊ. तुम्ही मागच्या खोलीत. चालेल?"

"ने!" हात आपटला.

"आई, नको म्हणतायत का गं?"

"छे रे. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. त्यांनीच शिकवलंय मला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग ओरडला, "ने! ने! ने!"

"बघ, कसली घाई झालीय."

रद्दीवाल्याच्या तीन खेपा झाल्या. मागच्या खोलीत खिडकी उंचावर होती. पडल्या पडल्या फक्त पाण्याची टाकी दिसायची. ती भरवायला बसायची. "आणखी एक घास?" "ने." ती पुढचा चमचा तोंडात सारायची. ठसका लागला की पाठ चोळायची, आणि पुन्हा विचारायची.

दोन महिन्यांनी तो काहीच म्हणेनासा झाला.

"होता तो शब्दही गेला," उपचार करणारी बाई हळहळली. "तुम्ही बोलता ना त्यांच्याशी?"

"रोज," बायको म्हणाली.

तो पुढे पावणेदोन वर्षं जगला. त्याच्या पाठीला एकही जखम झाली नाही, चादर कधी ओली राहिली नाही. शेजारणी आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देत.