भरती निघायची नाही, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही.

सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेट्रन आहे. दरवर्षी मला एक तक्ता करावा लागतो — येत्या वर्षात किती नर्स लागतील, असलेल्यांतल्या किती टिकतील. कुणाचं लग्न ठरतंय, कोण बाळंतपणाला जाणार, कोण सरकारी नोकरीच्या मागे आहे... मुलींच्या गप्पांवरून मला कळतं. माझा आकडा सहसा चुकत नाही. त्याचा मला अभिमान होता — हो, होता.

त्या वर्षी तक्ता जुळेचना. अतिदक्षता विभागात खाटा वाढल्या होत्या आणि हाताशी खरी अनुभवी अशी एकच — वैशाली. कोयनानगरची. तिकडे आई एकटी, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली; शेजारीण बघायची. वैशालीला तिकडच्याच सरकारी दवाखान्यात जायचं होतं. वयाची अट ओलांडायला जेमतेम वर्ष उरलं होतं.

तेव्हाच आमच्याकडे नवा नियम आला — तीन वर्षांचा करार, मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलात जमा. कराराचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली.

"मॅडम, सही करू का थांबू? आवं, तुमास्नी ठावं असतंय समदं. भरती निघंल का यंदा?"

आदल्याच आठवड्यात मी साताऱ्याला आरोग्य खात्याच्या एका बैठकीला जाऊन आले होते. जिल्ह्यात किती जागा रिकाम्या, किती जणी निवृत्त होणार, सगळं तिथं मांडलं होतं. पावसाळ्याआधी जाहिरात येणार, हे मला पक्कं माहीत होतं. आणि मी काय म्हणाले?

"दोन-तीन वर्षं तरी निघायची नाही."

तिनं तिथंच, माझ्या टेबलावर वाकून सही केली.

जाहिरात आली. तिनं अर्ज भरला, निवडही झाली — पण पडताळणीला मूळ कागद हवे होते. ती माझ्यापुढे उभी राहिली. व्यवस्थापन देत नाही, म्हणाले मी. व्यवस्थापनाला मी विचारलंच नव्हतं. प्रमाणपत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. आकडा बरोबर यावा म्हणून केलं? की तिच्याशिवाय वॉर्ड चालवायची भीती वाटली म्हणून? — दोन्ही.

तिची आई गेली तेव्हा वैशाली इथं ड्यूटीवर होती. कराड, पाटण, पुढचा वळणांचा रस्ता — ती पोचेपर्यंत माणसं खोळंबून बसली होती. परत आल्यावर मलाच म्हणाली, "तुमी तरी काय करणार, मॅडम. नियमच हाय त्यो."

करार केव्हाच संपला. वयही उलटून गेलं. ती अजून इथंच आहे. घरी काही वेगळं केलं की माझ्यासाठी डब्यात आणते. मी राजीनामा दोनदा लिहायला घेतला. कारण काय लिहायचं, तिथंच दोन्ही वेळा अडले.

गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीनं तेच विचारलं. थांब, म्हणाले, जाहिरात येतेय. वैशाली शेजारीच हजेरीवर सही करत होती. तिचा हात थांबला.

"मॅडम, हे तुमाला आदीच कळतं व्हय?"

"नाही गं," मी म्हणाले. "अंदाज असतो नुसता."

मान हलवून ती वॉर्डात गेली. मी तिला हाक मारली नाही.